आई-बाबांची अमेरिका ट्रिप आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स, आठ महिन्यांनी लिहितोय

आई-बाबा ऑक्टोबर ते मार्च ताईकडे न्यू जर्सीला होते. बाबा ६८, बीपीची गोळी पंधरा वर्षांपासून. निघायच्या आधी मी महिनाभर नुसती पॉलिसी वर्डिंग्ज वाचत बसलेलो, बायको वैतागली होती.

पहिला विचार अर्थातच घरच्या मेडिक्लेमचा. साधं मेडिक्लेम भारताबाहेर चालत नाही हे माहीत होतं पण आमच्यात 'ग्लोबल कव्हर' होतं म्हणून मी खुश. खाली बारीक अक्षरात बघितलं तर आजाराचं निदान भारतात झालेलं हवं, मग ठरवून बाहेर जाऊन उपचार घेतले तर पैसे. म्हणजे तिकडे रस्त्यात पडलात तर शून्य.

मग आपल्याकडच्या ट्रॅव्हल पॉलिसी. प्रीमियम बघून सगळ्या सारख्याच वाटतात, पण साठीच्या पुढच्यांना स्वस्त प्लॅनमध्ये सबलिमिट असतं, रूमचे दिवसाला इतके, सर्जरीचे इतके. कव्हर ५०,००० डॉलर लिहिलंय म्हणून तेवढे मिळतील असं अजिबात नाही. अमेरिकन व्हिजिटर प्लॅन पण बघितले. त्यात 'फिक्स्ड' वाला घेऊच नका, एका इमर्जन्सी व्हिजिटला ठरलेली छोटी रक्कम देतात आणि बाकी बिल तुमचं. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे ठरलेल्या छोट्या रकमेऐवजी प्रत्यक्ष बिलावर पैसे देणारा, चांगला होता पण बाबांच्या वयाला प्रीमियम अडीचपट, तिथे मी कच खाल्ली. शेवटी इकडचाच, १ लाख डॉलरचा, सबलिमिट नसलेला घेतला. फॉर्मवर बीपी स्वच्छ लिहिलं.

जानेवारीत बाबा ताईच्या दारातच बर्फावरून घसरले, मनगट गेलं. इमर्जन्सी रूममध्ये आधी तपासतात, पैशाचं नंतर, तिथे तसा कायदाच आहे. हेल्पलाइनला लगेच फोन केला तर म्हणे ॲडमिट नाही ना, मग कॅशलेस नाही, भरा आणि क्लेम करा. क्लेमला पासपोर्टवरचा एंट्रीचा शिक्का मागितला. तो मारलाच नव्हता, हल्ली बऱ्याचदा मारत नाहीत. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत कधी शिरलात त्या सरकारी नोंदीची, प्रिंट ऑनलाइन काढून दिली तेव्हा गाडी हलली. १०० डॉलर डिडक्टिबल (आपण स्वतः भरायचा वाटा) कापून बाकी सगळे आले, ७ आठवड्यांत, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार दुसऱ्या क्लेमची. फेब्रुवारीत रात्री डोकं ठणकायला लागलं, बीपी २१०/११०, ताई घाबरून घेऊन गेली, ईसीजी, रक्त, चार तास ऑब्झर्व्हेशन, घरी. क्लेम रिजेक्ट, कारण जुना आजार फक्त जीवघेण्या इमर्जन्सीतच कव्हर. आणि डिस्चार्ज समरीत 'हायपरटेन्सिव्ह अर्जन्सी' लिहिलंय, 'इमर्जन्सी' नाही. डॉक्टरी भाषेत हे दोन वेगळे आहेत म्हणे, मेंदू-हृदय-किडनीला इजा झाली तरच इमर्जन्सी. अहो पण रात्री दीड वाजता २१० बघितल्यावर घरच्यांनी ते कसं ओळखायचं? कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, तेच उत्तर कॉपी-पेस्ट होऊन आलं. आता पुण्यातल्या विमा लोकपालाकडे अर्ज टाकलाय, तारखेची वाट बघतोय.

आणि हो, तिकडे हॉस्पिटलचं बिल वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं तिसरंच. परवा ताईच्या मेलबॉक्समध्ये अजून एक पाकीट आलं, जानेवारीतल्या मनगटाचं, ८४ डॉलर. तो क्लेम तर कंपनीने केव्हाच क्लोज केलाय.