आखणी नेटकी, पण एनएफएस एकाच सर्व्हरवर

मकरपुऱ्यातील आमच्या कारखान्याच्या सॅप या व्यवसाय-व्यवस्थापन प्रणालीसाठी दोन नोडच्या क्लस्टरची (एक सर्व्हर बंद पडल्यास दुसरा काम सांभाळेल अशा जोडीची) स्टोरेज-आखणी आम्ही वडोदऱ्यातीलच एका सल्लागार संस्थेकडून करून घेतली. कोणती डिरेक्टरी कोठे असावी, हे त्यांनी विचारपूर्वक ठरवले: दोन्ही नोडना एकाच वेळी लागणारी सॅपएमएनटी ही सॅपची सामायिक डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या व्यवस्थेवर), सॅपचे लॉक व संदेश सांभाळणाऱ्या सेंट्रल सर्व्हिसेसची डिरेक्टरी सेवेबरोबर दुसऱ्या नोडवर जाणाऱ्या सामायिक डिस्कवर, आणि डेटाबेसच्या डेटा फाइली व रीडू लॉग (डेटातील प्रत्येक बदलाची नोंद) स्वतंत्र व्हॉल्यूमवर, म्हणजे स्टोरेजच्या वेगवेगळ्या भागांवर, जेणेकरून डेटाचा व्हॉल्यूम गेलाच तर बॅकअप आणि लॉग यांच्या आधारे शेवटच्या व्यवहारापर्यंत परतता यावे. मात्र एनएफएस त्यांनी एकाच साध्या सर्व्हरवर ठेवले होते; तो बंद पडला असता तर दोन्ही नोड धडधाकट असूनही काम ठप्प झाले असते. (ही चूक आमच्याच कर्मचाऱ्याने पकडली.) त्यांनी दुरुस्ती तत्परतेने केली, पण तिचे वेगळे बिल पाठवले, हे मुळीच पटले नाही.