मुरमाच्या मैदानावर एक हंगाम: महाविद्यालयीन संघाने वापरलेल्या हातशिलाईच्या फुटबॉलचे परीक्षण

महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम हा खरे तर सरावाचाच हंगाम असतो. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. आधी विभागीय स्पर्धा, तेथून पुढे गेलेल्या संघांची आंतरविभागीय स्पर्धा आणि मग विद्यापीठ संघाची निवड, असा हा क्रम आहे. सामने बाद पद्धतीचे असले की एका पराभवात संघाचे वर्ष संपते, आणि जुलैपासून चिखलात घाम गाळलेल्या मुलाच्या वाट्याला स्पर्धेतील दोन-तीनच सामने येतात, कधी कधी तर एकच. म्हणून संघासाठी चेंडू घेताना तो सामन्याच्या दिवशी किती देखणा दिसेल यापेक्षा रोजच्या सरावात कसा वागेल आणि किती टिकेल, हे पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. साताऱ्यातील आमच्या महाविद्यालयाच्या संघाने यंदा जालंधरला तयार झालेले, हाताने शिवलेले, 32 तुकड्यांचे, पाच नंबरचे सहा चेंडू हंगामभर वापरले. हे परीक्षण त्या चेंडूंचे आहे.

आजवर आमच्या जिमखान्याची रीत वेगळी होती. सरावाला रबरी चेंडू द्यायचा आणि शिलाईचा ‘चांगला’ चेंडू कपाटात कुलूपबंद ठेवून सामन्यालाच बाहेर काढायचा. रबरी चेंडू मुरमावर लवकर झिजत नाही, पाणी पीत नाही आणि स्वस्तही पडतो, हे सगळे खरे आहे. परंतु तो टणक असतो आणि कोरड्या मुरमावर गुडघ्याच्या वर उसळतो. त्याच्यावर घडलेला मुलगा चेंडू अडवताना पाय उगाच उंच धरतो, हेडरसाठी वेळेआधीच झेप घेतो आणि सामन्यात मऊ आवरणाचा चेंडू समोर आला की पहिली वीस मिनिटे त्याला अंदाजच येत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत ही वीस मिनिटे फार महाग पडतात. कोल्हापुरातील पोरे पेठांच्या आणि तालमींच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर बघत वाढतात आणि लहानपणापासून शिलाईच्या चेंडूवर खेळतात. त्यांच्या महाविद्यालयीन संघांचा पहिला स्पर्श इतका स्वच्छ का असतो, याची कारणे अनेक आहेत, पण त्यांपैकी एक कारण इतके साधे आहे.

आता या चेंडूच्या बांधणीविषयी. 12 पंचकोनी आणि 20 षटकोनी तुकडे एकमेकांना जोडताना 90 शिवणी घालाव्या लागतात. आतून कापडाचे थर चिकटवलेले असतात आणि वरचे आवरण पीयूचे (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे), म्हणजे स्वस्त चेंडूंवर असणाऱ्या पीव्हीसीपेक्षा मऊ असते. सर्वांत आत हवेचा रबरी फुगा, म्हणजे ब्लॅडर असतो. यंत्रशिलाईच्या चेंडूत सहसा पातळ आवरण आणि बारीक दोरा वापरतात, त्यामुळे मुरमावर घासून दोरा तुटला की शिवण उसवत जाते. हातशिलाईचा दोरा जाड असतो, त्याला मेण लावलेले असते आणि टाका ताणून आवळलेला असतो. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरला येऊन स्थिरावले आणि त्यांच्यासोबत हे कसबही आले. आमच्या सहा चेंडूंपैकी पाचांचा एकही टाका हंगामाअखेर सुटलेला नव्हता, ही गोष्ट मला त्या अनामिक कारागिरांच्या बाजूने आवर्जून नोंदवावीशी वाटते.

खरेदी आम्ही साताऱ्याच्या राजपथावरील एका दुकानातून केली. प्रत्येक चेंडू बाराशे रुपयांच्या आत बसला. नियमानुसार चेंडूचा परीघ 68 ते 70 सेंटिमीटर, सामन्याच्या सुरुवातीचे वजन 410 ते 450 ग्रॅम आणि आतील दाब 0.6 ते 1.1 अॅटमॉस्फिअर असावा लागतो. दुकानातच हवा भरून घेतली आणि शिंप्याच्या टेपने प्रत्येक चेंडूचा घेर तीन दिशांनी मोजला. तिन्ही मापे जुळली तर चेंडू गोल आहे, असे समजायला हरकत नाही. एका चेंडूच्या मापांत जवळजवळ एका सेंटिमीटरचा फरक आला, तो दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला. हे मोजमाप पाच मिनिटांचे काम आहे आणि प्रत्येक संघाने ते करावे, कारण वाकडा चेंडू हवेत कोठेही वळतो आणि दोष मात्र गोलरक्षकाच्या माथी बसतो.

खरी कसोटी पावसात लागली. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये दिवस दिवस रिपरिप चालू असते, मैदानावर चिकचिक होते आणि शिवणींतून पाणी आत जाते. सुरुवातीला 430 ग्रॅम भरलेला चेंडू एका मुसळधार पावसातील सरावानंतर 480 ग्रॅमच्या पुढे गेला, आणि हा या चेंडूचा सर्वांत मोठा उणेपणा आहे. भिजून जड झालेला चेंडू डोक्यावर घेणे धोक्याचे असल्यामुळे अशा दिवशी आम्ही हेडरचा सराव पूर्ण बंद ठेवला आणि जमिनीवरून खेळायच्या पासवर भर दिला. भिजलेले चेंडू पुसून, हवा थोडी कमी करून, जिमखान्यात पंख्याखाली वाळवले. ते उन्हात ठेवू नयेत, कारण त्याने आवरण कडक होऊन शिवणींजवळ भेगा पडतात. घेराच्या बाबतीत मात्र थोडी निराशा झाली. सर्व चेंडू सुरुवातीला 69 सेंटिमीटरच्या आसपास होते. हंगाम संपताना त्यांतील दोन ताणून 70 च्या वर गेले. ते आता सरावालाच चालतील.

हवा भरण्याविषयी मुलांना आग्रहाने सांगावे लागले. व्हॉल्व्हजवळ छापलेल्या मर्यादेपलीकडे ‘टाईट’ चेंडू करण्याची त्यांना फार हौस असते आणि पंपाची पिन कोरडीच घुसवण्याची सवय असते. पिनेला ग्लिसरीनचा एक थेंब लावला तर व्हॉल्व्हचे रबर फाटत नाही. एका चेंडूची हवा रोज रात्रीतून उतरू लागली, तेव्हा बाभळीचा काटा गेला असेल असे समजून आम्ही तो पोवई नाक्याजवळच्या चपला दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेला. त्याने चेंडू पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे पाहिले आणि मान न उचलता सांगितले, “सर, ब्लॅडर धड हाय, वॉलच सुटलाय.” मग आरीने सात-आठ टाके उसवून त्याने व्हॉल्व्हची जागा आतून पुन्हा चिकटवली आणि तेच टाके मेणाच्या दोऱ्याने परत घातले. आजही तो चेंडू पहिल्याइतकाच घट्ट आहे. उष्णतेने चिकटवलेल्या, बिनशिवणीच्या चेंडूला ही सोय नाही. तो पावसाला उत्तम तोंड देतो, परंतु एकदा फुटला की टाकून द्यावा लागतो आणि त्याची किंमतही आमच्यासारख्या जिमखान्याला परवडणारी नाही. त्यामुळे त्याचा विचार आम्ही लगेच सोडून दिला.

खेळात पडलेला फरक मैदानाबाहेरूनही दिसत होता. आमचा डावखुरा विंगर पूर्वी धावत्या चेंडूवर पाय ठेवायला कचरायचा, कारण रबरी चेंडू त्याच्या नडगीवर आदळून बाहेर जायचा. सप्टेंबरपर्यंत तोच मुलगा तिरका आलेला पास पायाच्या आतल्या बाजूने अलगद थोपवून, मान वर करून, दुसऱ्या खांबाकडे क्रॉस टाकू लागला. गोलरक्षकाला पकड बसू लागली, कारण आवरणावरची बारीक नक्षी ओल्या हातमोज्यालाही धरते. विभागीय स्पर्धेत समोर आलेला चेंडू वेगळ्या कंपनीचा होता, पण जात तीच होती, आणि पहिल्याच मिनिटापासून आमच्या मुलांचे पास जागेवर पडले. संघ उपांत्य फेरीत पेनल्टींवर हरला. ती हार जिव्हारी लागली, तरी चेंडूचा अंदाज आला नाही म्हणून गेलेला एकही गोल त्यात नव्हता, हे मी समाधानाने सांगू शकतो.

तक्रारी थोड्या आहेत, पण सांगितल्या पाहिजेत. एका चेंडूवरील षटकोनाची कड दिवाळीपूर्वीच उचलली गेली. पांढऱ्या आवरणात लाल मुरूम असा मुरतो की संध्याकाळी अंधारून आल्यावर चेंडू दिसेनासा होतो, त्यामुळे पिवळा किंवा नारिंगी रंग मिळाल्यास तोच घ्यावा. सोबत मिळालेली पंपाची पिन इतकी कच्ची होती की ती पहिल्याच आठवड्यात वाकली.

सगळ्यात मोठी अडचण चेंडूत नाही, खरेदीच्या पद्धतीत आहे. दरपत्रके मागवताना यादीत नुसते ‘फुटबॉल, साइज 5’ असे लिहिले की सर्वांत कमी दराचा पीव्हीसीचा यंत्रशिलाईचा चेंडू मंजूर होतो आणि शारीरिक शिक्षण संचालकांच्या हातात काही उरत नाही. त्याऐवजी मागणीपत्रातच ‘हातशिलाई, 32 तुकडे, पीयू आवरण, ब्यूटाइल ब्लॅडर, परीघ 68 ते 70 सेंटिमीटर, वजन 410 ते 450 ग्रॅम, माप न जुळल्यास बदलून मिळावा’ असे स्पष्ट नमूद करावे. ब्यूटाइल या कृत्रिम रबराचा ब्लॅडर लॅटेक्सच्या, म्हणजे नैसर्गिक रबराच्या ब्लॅडरपेक्षा हवा जास्त दिवस धरून ठेवतो, म्हणून रोजच्या सरावाला तोच बरा. वीस मुलांच्या संघाला सहा चेंडू कमी पडतात, आठ तरी असावेत, आणि त्यांतील दोन चेंडू सामन्याच्या आधीच्या पंधरवड्यापासून वापरात आणावेत. सोबत दोन पंप, डझनभर पिना आणि एक दाबमापक घेतला, तर वर्षभराची सोय होते. पुढील वर्षासाठी आम्ही हीच मागणी नोंदवली आहे, फक्त रंग पिवळा मागितला आहे.