रात्रीची ट्रॉमा टीम: हॉस्पिटलातच बसवायची की ऑन-कॉल?

पनवेल साइडला एका डॉक्टरांचं साठ बेडचं हॉस्पिटल आहे, ते ट्रॉमा युनिट, म्हणजे अपघातातल्या गंभीर जखमींसाठीचा विभाग काढतायत आणि परवा मला विचारत होते, सिस्टर तुम्हीच सांगा, सर्जन, ऑर्थो म्हणजे हाडांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ सगळे २४ तास इथेच बसवू की फोन केला की येणारे ठेवू, दोन्हीला पैसे पुरणार नाहीत. मी चौदा वर्षं ठाणे-नवी मुंबईच्या कॅज्युअल्टीत काढलीत, त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी खर्च बोलूया. एक जागा २४ तास भरायची म्हणजे तीन शिफ्टची तीन माणसं असं सगळे धरतात आणि तिथेच फसतात. आठवड्याचे तास १६८, एक माणूस ४८ तास करणार, म्हणजे साडेतीन माणसं झालीच, वर रजा, आजारपण, गणपती-दिवाळी, धरा साडेचार ते पाच. अशा चार जागा म्हणजे वीस पगार. ऑन-कॉलला ठरलेली रक्कम आणि वर केसचे वेगळे, खूपच स्वस्त पडतं.

पण ऑन-कॉलमध्ये वेळ जातो तो कुठे जातो ते बघा. अमेरिकेत ट्रॉमा सेंटरच्या पातळ्या असतात, लेव्हल १ सगळ्यात वरची, तिथे लेव्हल १ आणि २ ला सगळ्यात गंभीर पेशंटजवळ सर्जन १५ मिनिटांत लागतो, लेव्हल ३ ला ३० मिनिटांत. आता समजा हॉस्पिटल ठाण्याच्या नौपाड्यात आणि सर्जन राहतो कासारवडवलीला, तर रात्री दोनला काही प्रश्न नाही, पण संध्याकाळी आठला घोडबंदर रोडवरून माजिवडा येईपर्यंतच अर्धा तास गेलेला असतो. म्हणून ऑन-कॉल ठरवताना डिग्रीच्या आधी पत्ता विचारा, आणि ६ ते ११ पुरतं तरी त्यांना हॉस्पिटलात बसायचे पैसे द्या.

पूर्ण टीम हॉस्पिटलात बसवायचा फायदा आहेच, कोणाची वाट बघायची नाही. पण त्याला पेशंट तेवढे हवेत. तिकडे अमेरिकेत लेव्हल १ ला वर्षाला निदान १२०० ट्रॉमा ॲडमिशन्स किंवा २४० अतिगंभीर जखमी असावे लागतात, कारण रोज हात चालला नाही तर टीम विसरते. साठ बेडला हे जमणार नाही, मोठ्या मेडिकल कॉलेजलाच शोभतं ते.

माझं मत मधल्या रस्त्याचं आहे आणि ते एका रात्रीमुळे झालंय. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. बाइकवरून पडलेला पंचविशीचा मुलगा, पोटात रक्त साठलेलं, सर्जन वीस मिनिटांत आले, ओटी उघडी, सगळं तयार आणि भूलतज्ज्ञ दुसरीकडे एका केसला भूल देत होते. आम्ही सगळे त्याच्या भोवती उभे, रक्त चढवतोय आणि वाट बघतोय. गेला तो. तेव्हापासून मला कोणी विचारलं की पहिली जागा कोणाची भरू, तर मी भूलतज्ज्ञच सांगते. श्वासाची नळी तोच घालतो, जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे ते सांगणारा स्कोअर, ८ किंवा खाली आला की ती लागतेच, आणि तो नसेल तर सर्जन येऊन करणार काय.

म्हणजे भूलतज्ज्ञ, एटीएलएस (गंभीर जखमींवरच्या पहिल्या उपचारांचा कोर्स) केलेला आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलातच असणारा ड्युटी डॉक्टर, आणि दोन सिस्टर २४ तास, सर्जन-ऑर्थो ऑन-कॉल. हाताचं फ्रॅक्चर सकाळपर्यंत थांबतं, फुटलेली प्लीहा नाही थांबत, त्यामुळे सर्जन जवळचा, ऑर्थो थोडा लांब चालेल. बोलावणं दोन पातळीचं ठेवा, लाल म्हणजे अतिगंभीर असेल तर सगळे, पिवळा म्हणजे त्याहून कमी गंभीर असेल तर फक्त सर्जनला कळवायचं. शंभरात २५-३५ वेळा उगाच बोलावलं गेलं तरी ते मान्य धरतात, उलट गंभीर पेशंट हलका समजून सुटायला नको, ते प्रमाण ५ च्या खाली हवं. म्हणून उगाच बोलावलं तरी डॉक्टरचे पैसे कापू नका, एकदा कापले की आरएमओ फोन करायलाच घाबरतो.

रक्ताचं आधी ठरवा. ओ निगेटिव्ह आपल्याकडे मुळातच कमी, पुरुषांना इमर्जन्सीत ओ पॉझिटिव्ह चालतं, त्याच्या दोन-चार पिशव्या हॉस्पिटलातच हव्यात, त्यासाठी रक्त साठवण केंद्राची परवानगी घ्या. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, तर स्वस्तातलं आहे, दुखापतीपासून ३ तासांच्या आत १ ग्रॅम, नंतर उपयोग होत नाही, म्हणून ते स्टोअरमध्ये कुलपात नको, ट्रॉलीवर हवं.

बेड किती, तर स्वतःचं वर्षभराचं कॅज्युअल्टी रजिस्टर काढा आणि तासातासाला मोजा. कळंबोलीला एक्सप्रेसवे आणि न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर, तिथे छाती, कंबर, डोकं सगळं एकदम फुटलेलं येतं. ठाण्याला लोकलमधून पडलेले, घरात पडलेले आजी-आजोबा, आणि दहीहंडीच्या दिवशी तर रांगच. सरासरी ४ बेड भरलेले असतात म्हणून ४ घेऊ नका, चढउतार साधारण त्याच्या वर्गमुळाएवढा म्हणजे २, त्याची दुप्पट ४, ती सरासरीच्या ४ मध्ये मिळवली की ८, तेव्हा ८ ची तयारी ठेवा, अगदी आठही बेड नकोत पण आठ जणांना कुठे हलवता येईल ते तरी ठरलेलं असू दे.

राहिला न्यूरोसर्जन. तो तुम्हाला २४ तास परवडणार नाही, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलशी कागद करून घ्या आणि रात्री तीनला तिथला आरएमओ बेड नाही म्हणाला तर त्याच्या वर कोणाला फोन करायचा, ते नाव त्या कागदात असायला हवं.