चाळीस वासांची चाचणी : पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गंध-ओळख संचाविषयी

माझ्या वडिलांना कंपवाताचे (पार्किन्सनचे) निदान होण्याच्या पाच-सहा वर्षे आधीपासून आईची एक तक्रार असे, की स्वयंपाकघरात बसलेले असूनही त्यांना दूध करपल्याचा वास येत नाही. वयोमानाने असे व्हायचेच, म्हणून आम्ही ती कधी मनावर घेतली नाही. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत वासाबद्दल विचारले, तेव्हा आईच्या बोलण्याचे मोल कळले आणि अमेरिकेतल्या बहिणीकडून मी हा संच मागवून घेतला.

फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी तयार केलेली ही चाचणी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. संचात चार लहान पुस्तिका असतात आणि प्रत्येकीत दहा पाने. प्रत्येक पानावर एक तपकिरी पट्टी असून तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्यांमध्ये गंध साठवलेला असतो. पेन्सिलीच्या टोकाने पट्टी खरवडायची, नाकाशी धरायची आणि दिलेल्या चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची. काहीच वास आला नाही तरी उत्तर द्यावेच लागते आणि या चाचणीची खरी ताकद मला याच नियमात दिसते. निव्वळ अंदाजाने चाळिसांपैकी दहाच्या आसपास उत्तरे बरोबर येतात, त्यामुळे पाच किंवा त्याहून कमी गुण पडले तर उत्तरे मुद्दाम चुकवली असावीत अशी शंका घेता येते.

पर्याय इंग्रजीत असल्यामुळे मी ते मराठीत वाचून दाखवत होतो. लवंगेचे पान आले तेव्हा मला तो वास हातभर अंतरावरून येत होता. वडिलांनी पट्टी पुन्हा खरवडली, डोळे मिटून दोनदा हुंगली आणि शांतपणे म्हणाले, "कागदाचा वास येतोय." आयुष्यभर जेवणानंतर लवंग चघळलेल्या माणसाचे ते उत्तर होते. चाळिसांपैकी त्यांना १५ गुण मिळाले. १८ किंवा त्याखालचे गुण म्हणजे वासाची जाणीव जवळजवळ पूर्ण गेलेली, असे ही चाचणी मानते. आपले नाक चांगले आहे, असे ते त्या सकाळपर्यंत मनापासून सांगत होते. कंपवाताच्या बहुतेक रुग्णांची वास घेण्याची क्षमता कमी झालेली असते, पण चाचणी होईपर्यंत त्यांतल्या अनेकांना त्याची कल्पना नसते.

कंपवातात ही क्षमता का कमी होते, याचे उत्तर नाकापेक्षा आत आहे. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहींच्या, म्हणजे वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचे मोठे कुटुंब शोधले आणि त्या कामासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही काम करतात. ते ज्या चेतापेशींवर असतात त्यांचे तंतू चाळणीसारख्या हाडातून थेट गंधकंदात, म्हणजे मेंदूच्या वासाचे संदेश घेणाऱ्या भागात, पोहोचतात. २००३ मध्ये हाइको ब्राक आणि सहकाऱ्यांनी मांडले, की कंपवातात अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनाच्या गाठी सुरुवातीला गंधकंदात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात दिसतात, तर हालचाली सांभाळणाऱ्या भागात त्या नंतर पोहोचतात. हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधी वास का जातो, हे त्यावरून समजते. विशेष म्हणजे हे ग्राही नाकाबाहेर, मेंदूतल्या चेतापेशींमध्येही सापडले आहेत आणि कंपवाताच्या रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत त्यांचे प्रमाण बदललेले आढळले आहे. हा बदल आजाराचे कारण आहे की परिणाम, याचा निकाल मात्र अजून लागलेला नाही.

मूळ संच अमेरिकन नाकांसाठी रचलेला आहे, हे घेणाऱ्याने आधीच लक्षात ठेवावे. रूट बिअर, विंटरग्रीन, जिंजरब्रेड हे वास ज्याच्या घरात कधी आलेच नाहीत, त्याचे गुण त्यामुळे घसरू शकतात. म्हणून मी लवंग, कांदा, केळे, नारळ, दालचिनी, गुलाब, साबण, पेट्रोल, शेंगदाणा असे आपल्या परिचयाचे १६ वास वेगळे मोजले. वडिलांना त्यांतले सहाच ओळखता आले, म्हणजे अनोळखी वासांकडे बोट दाखवून सुटका होण्यासारखी नव्हती. ही मोजणी माझी घरगुती आहे, चाचणीच्या नियमांत ती नाही.

निदान झालेले नसताना केवळ भीतीपोटी हा संच मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्दी, सायनसचा त्रास, कोविड, डोक्याला लागलेला मार आणि वाढते वय यांनीही वास जातो आणि तो गेलेल्या बहुसंख्य माणसांना कंपवात होत नाही. नाक चोंदलेले असताना चाचणी करू नये आणि गुण वय व लिंगानुसार दिलेल्या तक्त्याशी ताडूनच वाचावेत. डॉक्टरांना दाखवण्यासाठी आकड्यात मांडलेली नोंद हवी असेल, तर मात्र हा संच उत्तम आहे आणि तो पंधरा मिनिटांत होतो. नैसर्गिक वायूच्या वासाचे पानही वडिलांचे चुकले, तेव्हा त्याच आठवड्यात आम्ही स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घेतले.