‘टू’ लावायचं की ‘आयएनजी’?

ठाण्या-ऐरोलीकडे नोकरीच्या मुलाखती देणारी जी मुलं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात, ती भूतकाळ-भविष्यकाळ बरे सांभाळतात. अडखळतात ती वाक्यातल्या दुसऱ्या क्रियापदापाशी. ‘आय एन्जॉय’ म्हणून झालं, आता पुढे ‘टू वर्क’ की ‘वर्किंग’? पहिलं इन्फिनिटिव्ह, दुसरं जेरंड, ही नावं शाळेत पाठ झालेली असतात. कुठे कोणतं वापरायचं, हे मात्र राहून गेलेलं असतं.

बहुतेक वाक्यांत ही निवड बोलणाऱ्याच्या हातात नसतेच. पहिलं क्रियापदच ती करतं. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, अ‍ॅग्री, रिफ्यूज, मॅनेज यांच्यानंतर टू. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, कन्सिडर, कीप यांच्यानंतर आयएनजी. आपण चुकतो, कारण मराठीत दोन्हीकडे एकच रूप चालतं. ‘मला ठाण्यात राहायला आवडतं’ आणि ‘मी ठाण्यात राहायला तयार झाले’. इंग्रजीत मात्र ‘आय एन्जॉय लिव्हिंग इन ठाणे’ आणि ‘आय अ‍ॅग्रीड टू लिव्ह इन ठाणे’.

यामागे एक कल दिसतो. जे अजून व्हायचंय त्याला बहुधा टू, जे घडतंय, घडून गेलंय किंवा अनुभवाचं आहे त्याला आयएनजी. आठवायला हा कल चांगला, पण नियम म्हणून त्यावर विसंबू नका. पोस्टपोन आणि सजेस्ट पुढच्याच गोष्टीबद्दल बोलतात, तरी आयएनजी घेतात. मॅनेज झालेल्या गोष्टीबद्दल बोलतं, तरी टू घेतं.

खरी निवड करावी लागते ती मोजक्या क्रियापदांपाशी. तिथे दोन्ही रूपं बरोबर असतात आणि अर्थ वेगळा होतो. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण हा फरक मराठी माणूस रोज करतच असतो. ‘वी स्टॉप्ड टू ईट मिसळ’ म्हणजे ठाण्यातल्या मामलेदार मिसळीच्या हॉटेलापाशी मिसळ खायला थांबलो. ‘वी स्टॉप्ड ईटिंग मिसळ’ म्हणजे मिसळ खाणं सोडलं. ‘आय फरगॉट टू लॉक द डोअर’, दार लावायला विसरले, म्हणजे दार उघडंच आहे. ‘आय फरगॉट लॉकिंग द डोअर’, दार लावल्याचं विसरले, म्हणजे दार बंद आहे, फक्त आठवण नाही. लावायला आणि लावल्याचं यांत जे अंतर आहे, तेच टू आणि आयएनजीत. रिमेंबरचंही तसंच. ट्रायमध्ये तर आपली जोडी आयतीच तयार आहे. ‘ट्राय टू कॉल हिम’ म्हणजे त्याला फोन लावायचा प्रयत्न कर, लागेल न लागेल. ‘ट्राय कॉलिंग हिम’ म्हणजे त्याला फोन करून बघ, कदाचित काम होईल. ‘करून बघ’ मनात आलं की आयएनजी लावा.

स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू यांच्याबाबत फार विचार करू नका. बहुतेक वाक्यांत दोन्ही चालतात.

ईमेलमध्ये सर्वाधिक चुका ‘लुक फॉरवर्ड टू’पाशी होतात. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ चूक, ‘टू मीटिंग यू’ बरोबर. हा टू इन्फिनिटिव्हचा नाही, प्रेपोझिशन आहे, म्हणजे इन, अ‍ॅट यांच्यासारखा नामाआधी येणारा शब्द. ओळखायची सोपी खूण अशी की त्याच्यापुढे नुसतं नाम ठेवून बघायचं. ‘लुक फॉरवर्ड टू द इंटरव्ह्यू’ जमतं, म्हणून आयएनजी. ‘वॉन्ट टू द इंटरव्ह्यू’ जमत नाही, म्हणून मूळ क्रियापद. याच खुणेने ‘यूज्ड टू’ही सुटतं. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन कळवा’ म्हणजे पूर्वी कळव्यात राहायचे. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय लोकल’ म्हणजे लोकलची सवय आहे. इन, अ‍ॅट, ऑफ, विदाउट यांच्या लगेच पुढे क्रियापद आलं, तर तेही आयएनजीच.

‘साठी’ मनात असलं की हात फॉरकडे जातो. ‘आय केम टू ठाणे फॉर लर्निंग इंग्लिश’ ऐवजी ‘टू लर्न इंग्लिश’ म्हणा. माणसाचा हेतू सांगायला टू, वस्तूचा उपयोग सांगायला फॉर आणि आयएनजी, जसं ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड’.

सजेस्ट आणि अ‍ॅडव्हाइज शेजारी ठेवून शिकावेत. ‘शी अ‍ॅडव्हाइज्ड मी टू टेक द ट्रान्स-हार्बर लाइन’ बरोबर आहे. त्याच साच्यात ‘शी सजेस्टेड मी टू टेक’ म्हटलं की चुकतं. तिथे ‘शी सजेस्टेड टेकिंग द ट्रान्स-हार्बर लाइन’ हवं. ऑफिसात हे वाक्य इतक्या वेळा लागतं, की याचा सराव मी मोठ्याने करून घेते.

मुलाखत आठवड्यावर आली असेल, तर लांब याद्या बाजूला ठेवा. आधी प्रेपोझिशनचा भाग पक्का करा, कारण तिथे अर्थाचा घोळ नाही. मग सजेस्ट, मग स्टॉप, फरगेट, रिमेंबर, ट्राय. हातात दोन-तीन महिने असतील, तर याद्या करा, पण क्रियापद सुटं लिहू नका. वहीत ‘अव्हॉइड’ न लिहिता ‘अव्हॉइड ट्रॅव्हलिंग अ‍ॅट पीक अवर्स’ असं तुमच्या रोजच्या जगण्यातलं अख्खं वाक्य लिहा. आणि ‘वुड लाइक’ला लाइकच्या खात्यात टाकू नका. ‘आय लाइक वर्किंग’ आणि ‘आय लाइक टू वर्क’ दोन्ही चालतात, पण ‘आय वुड लाइक’ म्हटल्यावर ‘टू वर्क विथ यू’ हेच यायला हवं.