शाळेतला संगीताचा तास की बाहेरचा क्लास?

सेलूच्या मैत्रिणीची लेक पाचवीत आहे, गळा गोड. शाळेत संगीताचा तास आहे. तेवढ्यावर भागवावं की क्लासला घालावं, हा तिचा प्रश्न.

खर्चाचं उघड आहे. शाळेत काही नाही. क्लासला फी, परीक्षा शुल्क, जाणं-येणं.

खरा फरक शिकण्यात. शाळेत वर्गभर लेकरं आणि एकच पेटी. सर स्वतःच्या पट्टीत, काळी एकमध्ये (पुरुषी गळ्याला सोयीची खालची पट्टी) सूर देतात. पोरींना ती खाली पडते. मग खालचे स्वर पुटपुटतात, नाहीतर वरच्या सप्तकात ओरडतात. क्लासमध्ये गळा पाहून काळी चार किंवा पाच, म्हणजे वरची पट्टी लावतात, चुकलेला गंधार (‘ग’ हा स्वर) तिथल्या तिथे धरतात. अर्थात बाई चांगल्या असतील तर! परीक्षेपुरते राग घोकून घेणारे क्लासही कमी नाहीत.

सातत्यात शाळा मागे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात कलेला मान आहे, पण चाचणी जवळ आली की संगीताचा तास गणिताला जातो. 26 जानेवारी आली की पुन्हा पेटीवरची धूळ झटकायची.

पण चारचौघांत गाण्याची भीड मोडते ती शाळेतच. समूहगीतात दुसऱ्याचं ऐकत ताल धरणं एकट्याच्या क्लासमध्ये कुठून येणार?

हौस आणि धीटपणा हवा असेल तर शाळा पुरे, जोडीला गावातला हरिपाठ. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा, दहावीचे वाढीव गुण किंवा पुढे गाणंच करायचं असेल तर क्लास. पेटी लगेच घेऊ नका. सुरुवातीला मोबाइलवरचा तानपुरा चालतो.