ड्रायव्हर 1968 सालचा? ‘ड्रायव्हर अपडेट’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांनी विंडोज 11 टाकून घेतली. ड्रायव्हर म्हणजे स्पीकर, प्रिंटर यांसारखी उपकरणं विंडोजला चालवता यावीत म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर. त्याच्या नावाखाली लुबाडणारे नेमके अशाच वेळी टपून बसलेले असतात. मला त्यांनी कसं गाठलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुमच्या ते लगेच लक्षात येईल.

माझी जुनी विंडोज 32 बिट या जुन्या प्रकारची होती. विंडोज 11 फक्त 64 बिट या नव्या प्रकारातच येते, त्यामुळे सगळं नव्यानं इन्स्टॉल करावं लागलं. त्यानंतर स्पीकरमधून आवाज येईना आणि जुना स्कॅनर चालेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत) दोन्हींपुढे बिघाडाचं पिवळं चिन्ह. स्कॅनरचं मॉडेल आणि ‘ड्रायव्हर’ असं सर्चमध्ये टाकलं, तर सगळ्यात वर आलेली जाहिरात हुबेहूब कंपनीच्या साइटसारखी: तेच रंग, स्कॅनरचा फोटो, मोठं हिरवं डाउनलोडचं बटण. डाउनलोड झालं ते मात्र सगळे ड्रायव्हर एकदम अपडेट करून देण्याचा दावा करणारं भलतंच सॉफ्टवेअर.

त्यानं स्कॅन केलं आणि लालभडक यादी समोर ठेवली. बहुतेक ड्रायव्हर ‘अतिशय जुने’, कित्येकांवर तारीख 21 जून 2006, काहींवर तर 18 जुलै 1968! शेजारी ‘धोका गंभीर’ असा शेरा. या तारखा खऱ्याच असतात आणि डाव नेमका तिथेच आहे. विंडोजसोबत येणाऱ्या स्वतःच्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्ट मुद्दाम 2006 ची तारीख घालते, म्हणजे हार्डवेअर बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर मिळाला की विंडोज त्याला नवा समजून पसंती देते. इंटेल कंपनीच्या चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपच्या) फायलींवरची 1968 ची तारीखही त्याच हेतूनं घातलेली. तो इंटेलच्या स्थापनेचा दिवस आहे. म्हणजे त्या यादीतले कितीतरी ड्रायव्हर मुळात व्यवस्थित चालत होते. पण हे माहीत नसणारा माणूस 2006 वाचून घाबरतो आणि पैसे भरतो. मीही भरले.

आवाज आला नाहीच. मग त्याच सॉफ्टवेअरमध्ये दिलेल्या ‘तज्ज्ञ मदत’ नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीनं बोलत होता. त्यानं रिमोट ॲप टाकायला लावून स्क्रीनचा ताबा घेतला, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही) उघडला आणि तिथल्या लाल खुणा दाखवून ‘व्हायरसनं ड्रायव्हर खाल्लेत’ असं सांगितलं. त्या खुणा चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही असतातच. पुढे त्यानं फोनवरून एकेक की दाबायला सांगत बायोसमधलं (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधलं) सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअरच चालू देणारी सुरक्षा, बंद करायला लावलं. मशीन परत सुरू झालं तेव्हा डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘टेस्ट मोड’ अशी बारीक अक्षरं दिसू लागली. याचा अर्थ असा, की ड्रायव्हर विश्वासू कंपनीकडूनच आला आहे का हे तपासणारा पहारा त्यानं सैल केला होता. चोरानंच येऊन दाराची कडी काढून ठेवावी, तसला प्रकार. कुणी फोनवरून तुम्हाला सिक्युअर बूट बंद करायला सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा आणि इंटरनेट तोडा. नंतर त्यानं वर्षभराचा ‘प्लॅन’ गळ्यात मारायचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र मी कॉल तोडला.

सगळ्यात संताप आला तो यानंतर. आवाजाचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमध्येच फुकट पडून होता! सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. तिथे ‘ड्रायव्हर अपडेट्स’ खाली टिक केलं, रीस्टार्ट केलं आणि आवाज आला. स्कॅनरचं तर विचारूच नका. त्याच्या कंपनीनं 64 बिटचा ड्रायव्हर कधी काढलाच नव्हता, आणि 32 बिटचा ड्रायव्हर 64 बिट विंडोजवर चालत नाही. जे अस्तित्वातच नाही ते देण्याचं वचन देऊन माझ्याकडून पैसे उकळले होते. म्हणून सिस्टीम बदलण्याआधीच प्रिंटर, स्कॅनर आणि वायफाय कार्डाचं मॉडेल लिहून घ्या आणि त्या त्या कंपनीच्या सपोर्ट पानावर नव्या विंडोजचं नाव आहे का ते पाहा. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीचं पान आधी पाहा.

डिव्हाइस ‘अननोन’ दिसत असेल तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे ‘व्हीईएन’ (VEN) नंतरची चार अक्षरं कंपनी सांगतात: 8086 म्हणजे इंटेल, 1002 म्हणजे एएमडी, 10डीई (10DE) म्हणजे एनव्हिडिया, 10ईसी (10EC) म्हणजे रिअलटेक. एवढं कळलं की ड्रायव्हर कुणाकडे मागायचा हे कळतं. आणि विंडोज 10 वरूनच थेट अपग्रेड केलं असेल, तर सहसा पहिल्या 10 दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं. तेवढ्यात सगळी उपकरणं एकदा चालवून बघाच.

ज्यांनी आधीच रिमोट ॲक्सेस दिला आहे त्यांनी मशीन लगेच ऑफलाइन करावं, दुसऱ्या डिव्हाइसवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलावा, बँकेला कळवून कार्डावरचं ऑटो-रिन्यूअल (आपोआप पुन्हा पैसे कापले जाणं) थांबवावं आणि विंडोज पुन्हा कोरी टाकावी. मी हे सगळं केलं. तरीही काही काळानं ‘तुमचा रिफंड मंजूर झालाय, फक्त स्क्रीन शेअर करा’ असा फोन आला. तुम्हालाही येईल. एकदा पैसे भरलेल्याचा नंबर हे लोक सोडत नाहीत. रिफंड मागायचा तो आपल्या बँकेकडे तक्रार करून, त्या फोनवर नाही.